घटस्फोट आणि आई-वडिलांच्या मृत्यूनंतर आयुर्विम्याचा नॉमिनी कसा बदलावा

घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला की पॉलिसीवरचे जुन्या जोडीदाराचे नाव आपोआप गळून पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. आई किंवा वडील नॉमिनी होते आणि ते वारले, तर आता पैसे मुलांनाच मिळतील, ही दुसरी समजूत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कुटुंब न्यायालय विमा कंपनीला घटस्फोट कळवत नाही, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका मृत्यूची नोंद झाली म्हणून कंपनीला पत्र धाडत नाही, आणि विमा कायदा, १९३८ च्या कलम ३९ मध्ये घटस्फोटामुळे नामनिर्देशन रद्द होते असे कोठेही म्हटलेले नाही. दाव्याच्या दिवशी कंपनीच्या नोंदीत जे नाव असते, तेच वाचले जाते.

नाशिकच्या एका परिचितांची फाईल मी मध्यंतरी चाळत होतो. तीन पॉलिसी होत्या. पहिली नोकरी लागल्यावर काढलेली, तिच्यावर आईचे नाव. दुसरी लग्नानंतरची, तिच्यावर पत्नीचे. तिसरीही लग्नानंतरचीच, पत्नीच्याच नावाची, पण गृहकर्जापोटी बँकेच्या नावे केलेली. आई २०१९ मध्ये गेली आणि घटस्फोट २०२१ मध्ये झाला. दुसऱ्या बाँडच्या, म्हणजे पॉलिसीच्या मूळ दस्तऐवजाच्या, शेवटच्या पानावर त्यांनी निळ्या शाईने पत्नीचे नाव खोडून मुलीचे लिहिले होते आणि खाली सही-तारीखही केली होती. तो बाँड कपाटातून बाहेर मात्र कधी गेलाच नव्हता, त्यामुळे कंपनीच्या दप्तरी पत्नीचेच नाव कायम होते. पुढचे टप्पे याच फाईलच्या आधाराने मांडले आहेत.

टप्पा १ : आधी यादी, मग फॉर्म

एखादी पॉलिसी आठवली की लगेच शाखेत धावण्याची घाई नसावी, कारण विसरलेली पॉलिसीच पुढे वादाचे मूळ ठरते. कपाटातील बाँड, बँकेच्या पासबुकातील हप्त्यांच्या नोंदी, आयकर विवरणपत्रासाठी जपलेल्या पावत्या आणि जुन्या ईमेल यांवरून एक कागद तयार करावा. त्यावर पॉलिसी क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, विम्याची रक्कम, सध्याची स्थिती आणि नोंदलेला नॉमिनी असे पाच रकाने असावेत. हप्ते थांबल्यामुळे पेड-अप झालेली पॉलिसीही यादीत धरावी, कारण तिच्यावरही मृत्यूनंतर रक्कम मिळते.

बाँड नसलेले विमे याहून अधिक सुटतात. नोकरीच्या ठिकाणचा गट विमा, भविष्य निर्वाह निधीला जोडलेला विमा आणि बँक खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा २ लाख रुपयांचा विमा, या प्रत्येकाची नॉमिनीची नोंद वेगळ्या ठिकाणी असते. ती अनुक्रमे मनुष्यबळ विभागाकडे, भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर आणि बँकेतील नोंदणी अर्जावर सापडेल. एका जागी नाव बदलले म्हणून दुसरीकडचे बदलत नाही.

तपासणी: नॉमिनीचा रकाना बाँड पाहून भरू नये. बाँड पहिल्या दिवशीची स्थिती दाखवतो. कंपनीच्या ग्राहक पोर्टलवरून किंवा शाखेतून पॉलिसीची ताजी स्थिती छापून घ्यावी आणि तीच खरी मानावी.

टप्पा २ : पॉलिसी कोणाची आहे ते पाहा

नामनिर्देशनाचा अधिकार स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेणाऱ्यालाच असतो. पत्नी प्रस्तावक (पॉलिसीसाठी अर्ज करणारी) आणि पती विमित व्यक्ती (ज्याच्या आयुष्यावर विमा आहे तो) अशी पॉलिसी असेल, तर तिची मालक पत्नी असते आणि घटस्फोटाने ती मालकी बदलत नाही. अशा पॉलिसीचे काय करायचे हे दोघांत ठरवून मालकीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. नॉमिनीचा फॉर्म भरून तो सुटत नाही. पती-पत्नीच्या संयुक्त पॉलिसीलाही हेच लागू आहे.

बाँडवर ‘विवाहित महिला संपत्ती अधिनियम, १८७४’ हे शब्द आहेत का, हेही इथेच पाहावे. या कायद्याच्या कलम ६ खाली विवाहित पुरुषाने पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी हा विश्वस्तनिधी असतो. तिच्यावर ना पतीचा ताबा राहतो, ना त्याच्या सावकारांचा. नामनिर्देशनाचे कलम तिला लागूच होत नाही, त्यामुळे नावाने नमूद केलेली पत्नी घटस्फोटानंतरही लाभार्थी राहते. पॉलिसी घेताना एजंटने ‘इथे टिक करा’ म्हटले आणि टिक केली, असे सांगणारे लोक भेटतात. ती टिक आता पुसता येत नाही.

नाशिकच्या फाईलमधल्या तिसऱ्या पॉलिसीचा धोका वेगळा होता. कर्जापोटी पॉलिसी बँकेच्या नावे केली म्हणजे जुने नामनिर्देशन कायमचे संपले, असे गृहस्थांना वाटत होते. प्रत्यक्षात विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर कर्जासाठी पॉलिसी हस्तांतरित केल्याने नॉमिनीचा हक्क बँकेच्या येण्यापुरताच कमी होतो, आणि त्याआधी हस्तांतरणामुळे रद्द झालेले नामनिर्देशनही कर्ज फिटून पॉलिसी परत नावावर आली की आपोआप पुन्हा जिवंत होते. म्हणजे कर्जाचा शेवटचा हप्ता फेडण्याच्या आनंदात घटस्फोटित पत्नीचे नाव चोरपावलांनी परत आले असते.

इशारा: बँकेकडून पॉलिसी परत नावावर झाल्याचे पत्र आले की त्याच आठवड्यात नॉमिनीचा फॉर्म द्यावा.

टप्पा ३ : हुकूमनामा पूर्ण वाचा

नॉमिनी बदलण्यासाठी हुकूमनाम्याची प्रत जोडावी लागत नाही, जुन्या नॉमिनीची सही किंवा संमती लागत नाही, आणि खटला चालू असतानाही, न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर, पॉलिसीधारक नाव बदलू शकतो. तरीही आधी हुकूमनामा वाचायचा, आणि त्याचे कारण वेगळे आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात न्यायालयात ज्या संमतीच्या अटी दाखल होतात, त्यांत विम्याविषयीचे कलम अनेकदा असते: अमुक क्रमांकाची पॉलिसी चालू ठेवावी, तिच्यावर मुलाचेच नाव असावे, पोटगीची हमी म्हणून ती मोडू नये. अशा अटी हुकूमनाम्याचा भाग झाल्या की त्या बंधनकारक ठरतात. त्यांविरुद्ध नॉमिनी बदलला तर कंपनी फॉर्म स्वीकारेल, कारण कंपनीला त्या अटी ठाऊक नसतात; पण मृत्यूनंतर माजी पत्नी तोच हुकूमनामा घेऊन न्यायालयात उभी राहील आणि रकमेला स्थगिती मिळवू शकेल.

वकिलाने ईमेलवर पाठवलेला मसुदा म्हणजे हुकूमनामा नव्हे. न्यायालयाच्या नकला विभागातून सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत काढावी, तिच्या दोन झेरॉक्स ठेवाव्यात आणि विम्याविषयीच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलने रेघ मारावी.

टप्पा ४ : कोणाचे नाव घालायचे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या सहीच्या नसून समजुतीच्या असतात.

विमा कायद्याच्या कलम ३९(७) प्रमाणे पॉलिसीधारकाने आई-वडील, पती किंवा पत्नी, किंवा मुले यांपैकी कोणाला नॉमिनी केले असेल, तर तो नॉमिनी रकमेचा लाभधारक हक्कदार असतो. २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी तसे नव्हते. १९८४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा हात आहे आणि खरे मालक वारसच, असे स्पष्ट केले होते. दुरुस्तीनंतरही सर्व उच्च न्यायालयांनी या कलमाचा एकच अर्थ लावलेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वारसांनी हक्क सांगितल्यास नॉमिनीचा दावा त्यापुढे टिकत नाही, असे म्हटले. म्हणून नॉमिनी आणि वारस शक्यतो एकच माणूस असेल असे पाहणे शहाणपणाचे.

घटस्फोटित पत्नीचे नाव तसेच राहिले तर? नाव घातले तेव्हा ती पत्नी होती आणि मृत्यूच्या दिवशी नव्हती, एवढ्यावरच दोन्ही बाजूंचे वकील वर्षानुवर्षे युक्तिवाद करू शकतात. कंपनी मात्र नोंदलेले नाव पाहून सद्भावनेने पैसे देऊन मोकळी होते, आणि नंतर ते परत मिळवण्याचा खर्च मुलांच्या माथी येतो.

आई-वडिलांचे नाव असेल आणि ते पॉलिसीधारकाच्या आधी वारले असतील, तर पैसे त्यांच्या वारसांना, म्हणजे पॉलिसीधारकाच्या भावंडांना, जात नाहीत. दुसरा नॉमिनी हयात असेल तर रक्कम त्याला जाते. एकही हयात नसेल तर ती पॉलिसीधारकाच्या वारसांकडे किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र आणणाऱ्याकडे जाते. परंतु पॉलिसीधारक आधी गेला आणि नॉमिनी आई पैसे हाती पडण्यापूर्वी गेली, तर तिचा वाटा तिच्या वारसांना मिळतो. दोन मृत्यूंतला क्रम उलटा झाला की पैशाची वाट बदलते. यासाठी दोन्ही मृत्यू दाखल्यांवरच्या तारखा जवळजवळ असतील तेव्हा त्या विशेष काळजीने पाहाव्यात.

आता अवघड परिस्थिती. घटस्फोट झालेला आहे, मूल नाही, आई-वडील गेले आहेत, आणि जवळची एक बहीण आहे. बहिणीला नॉमिनी करता येते, पण ती कलम ३९(७) च्या यादीत नाही. म्हणजे पैसे तिच्या हातात येतील, पण ते तिचेच आहेत असे कायदा म्हणणार नाही. दुसऱ्या भावाने वारस म्हणून वाटा मागितला तर तो द्यावा लागेल. तिलाच रक्कम मिळावी असे मनात असेल, तर नॉमिनीच्या फॉर्मबरोबरच दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून त्यात पॉलिसीचा क्रमांक घालावा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, वडील नाहीत, हेही कित्येकांना ठाऊक नसते. केवळ वडील हयात असणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊन मृत्युपत्राचा विचार करावा. गोव्यातील वाचकांना राज्याचा २०१२ चा वारसाहक्क कायदा लागू असतो आणि त्यात जवळच्या वारसांचा वाटा राखीव असल्यामुळे सगळी मालमत्ता एकालाच देता येत नाही, म्हणून त्यांनी हा टप्पा वकिलाला विचारून पार करावा.

मूल अल्पवयीन असेल तर त्याला नॉमिनी करताना पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते, जिला कंपन्यांच्या फॉर्मवर ‘अपॉइंटी’ म्हणतात. घटस्फोटानंतरची ठरलेली चूक अशी की मुलीचे नाव घातले जाते, पण अपॉइंटीच्या जागी जुन्या फॉर्ममधील पत्नी किंवा आता हयात नसलेले आजोबा तसेच राहतात. अपॉइंटीचा रकाना रिकामा असेल तर वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक म्हणून आईच पुढे येणार, आणि नेमके तेच पॉलिसीधारकाला नको असते. अपॉइंटीला आधी विचारावे. फॉर्मवर त्याची संमतीची सही लागते. मूल १८ वर्षांचे झाले की अपॉइंटीची भूमिका संपते.

तपासणी: प्रत्येक पॉलिसीसमोर तीन नावे लिहावीत: नॉमिनी, तो अल्पवयीन असल्यास अपॉइंटी, आणि कायद्याने वारस कोण. पहिले आणि तिसरे नाव जुळत नसेल तिथे मृत्युपत्राची खूण करावी.

टप्पा ५ : नाव, सही, मोबाईल आणि खाते आधी दुरुस्त करा

नॉमिनीचा फॉर्म परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सही न जुळणे. वीस वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही आज इंग्रजीत होत असेल, तर आधी सही बदलण्याचा अर्ज ओळखपत्रासह द्यावा. घटस्फोटानंतर माहेरचे नाव पुन्हा लावणाऱ्या महिलांनी आधार आणि पॅन, मग बँक खाते, मग पॉलिसीवरील नाव, आणि शेवटी नॉमिनी असा क्रम ठेवावा. काही कंपन्या त्यासाठी हुकूमनाम्याबरोबर राजपत्रातील प्रसिद्धीही मागतात.

पॉलिसीवर नोंदलेला मोबाईल माजी जोडीदाराचा असेल तर ओटीपी तिकडेच जातो आणि पत्ता जुना असेल तर पत्रेही. मनी-बॅक पॉलिसीची रक्कम अजून संयुक्त खात्यात जमा होत असेल, तर आपण आयुष्यभर नॉमिनीची चिंता करावी आणि हयातीतले पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात जावेत, असा प्रकार होतो. एक रद्द केलेला चेक जोडून खाते बदलावे.

टप्पा ६ : फॉर्म भरणे आणि देणे

प्रत्येक पॉलिसीसाठी स्वतंत्र फॉर्म लागतो. आयुर्विमा महामंडळात तो ३७५० क्रमांकाचा आहे. खासगी कंपन्यांत आपापला नमुना असतो आणि अनेकींच्या पोर्टलवर हे काम ऑनलाईनही होते. नॉमिनीचे नाव आधारवर आहे तसेच लिहावे, नाते स्पष्ट लिहावे आणि जन्मतारीख टाकावी. नॉमिनी एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाचा टक्का लिहावा आणि बेरीज १०० होते का ते पाहावे. साक्षीदार नॉमिनी नसलेला असावा. कागदी पॉलिसी असेल तर मूळ बाँड नेऊन त्यावर पृष्ठांकन, म्हणजे बदलाची कंपनीने केलेली नोंद, करून घ्यावे. बाँडवर स्वतः खाडाखोड मात्र कधीही करू नये. निळ्या शाईच्या त्या ओळीमुळे नाशिकच्या गृहस्थांना शाखेत एक वेगळा खुलासा लिहून द्यावा लागला.

मृत्युपत्रानेही नॉमिनी बदलता येतो, असे कलम ३९ म्हणते. पण लेखी सूचना मिळण्यापूर्वी कंपनीने जुन्या नॉमिनीला सद्भावनेने पैसे दिले तर ती जबाबदार राहत नाही, असेही तेच कलम म्हणते. केवळ मृत्युपत्रावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

टप्पा ७ : पोच घेतल्याशिवाय काम झालेले नसते

फॉर्म दिल्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का ही पहिली पोच. नवे नामनिर्देशन नोंदल्याचे कंपनीचे लेखी पत्र ही खरी पोच. कलम ३९ नुसार अशी लेखी पोच देणे कंपनीला बंधनकारक आहे. ‘सिस्टीमला टाकले आहे’ या तोंडी उत्तरावर परतू नये. पंधरवड्याने पोर्टलवरून ताजी स्थिती पुन्हा छापून टप्पा १ च्या कागदाला जोडावी.

पोच येत नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे, आणि महिनाभरात उत्तर न मिळाल्यास विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा विमा लोकपालांकडे जावे. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत आणि त्यांच्याकडे शुल्क लागत नाही.

टप्पा ८ : वारलेल्या आई-वडिलांच्या स्वतःच्या पॉलिसी

आपल्या पॉलिसीवरचे त्यांचे नाव काढणे आणि त्यांच्या पॉलिसीचा दावा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दाव्यासाठी मृत्यू दाखला, मूळ बाँड, दाव्याचा फॉर्म, नॉमिनीचे ओळखपत्र आणि बँक तपशील लागतो; पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे झालेली नसतील तर कंपनी रुग्णालयाची कागदपत्रेही मागते. मृत्यू दाखल्याच्या निदान पाच प्रती एकदमच काढाव्यात. बाँड सापडत नसल्यास कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दावा न केलेल्या रकमांचा शोध नाव, जन्मतारीख आणि पॅन टाकून घेता येतो. आजोबा किंवा आजी नातवाच्या पॉलिसीचे प्रस्तावक असतील तर प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ता माफ होण्याची सोय त्या पॉलिसीत घेतली होती का, हे आवर्जून पाहावे. लोक माफ झालेले हप्ते भरत राहतात.

नॉमिनी नसेल किंवा वारसांत वाद असेल तर कंपनी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. ते दिवाणी न्यायालयातून मिळते. सातबारावरची वारस नोंद किंवा तलाठ्याचा दाखला त्या जागी चालत नाही, तरी दर महिन्याला कोणीतरी तोच कागद घेऊन शाखेत उभा असतो. रक्कम लहान असेल आणि वारस एकमत असतील तर काही वेळा कंपनी क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कोणी हक्क सांगितल्यास भरपाई करण्याची लेखी हमी) आणि इतरांची संमतिपत्रे घेऊन दावा मंजूर करते, हे आधी विचारून घ्यावे.

वारलेल्या वडिलांच्या पॉलिसीवर त्यांच्या घटस्फोटित पत्नीचे नाव तसेच राहिले असेल, तर वेळ हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. रक्कम दिली जाण्यापूर्वी हुकूमनाम्याच्या प्रतीसह हरकतीचा अर्ज शाखेत द्यावा आणि आवक शिक्का घ्यावा. परस्परविरोधी दावे समोर आले की विमा कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे कंपनीला ती रक्कम न्यायालयात जमा करता येते, आणि मग निवाडा होईपर्यंत ती कोणाच्याच खात्यात जात नाही. अर्ज एक दिवस उशिरा पोहोचला तर कंपनीशी भांडण्यासारखे काही उरत नाही. भांडावे लागते ते पैसे उचललेल्या व्यक्तीशी, दिवाणी न्यायालयात.